रूळ, रान आणि मावेजा : घाटनांदूरच्या ठेशनावरून

जमिनीची प्रत ठरवताना आपले वाडवडील दोन गोष्टी पाहात. माती कशी आहे आणि पाणी किती हातावर आहे. विसाव्या शतकात मराठवाड्यात तिसरी गोष्ट आली : ठेशन किती लांब आहे. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे ही तिसरी गोष्ट नीट समजून घेण्याजोगे गाव आहे. बीड शहराने रेल्वेची वाट कित्येक दशके पाहिली. घाटनांदूरला मात्र निजामाच्या काळातच गाडी थांबू लागली होती. तरीही घाटनांदूरचे लातूर झाले नाही. असे का झाले, आणि जे काही वाढले ते कोणाच्या पदरात पडले, हा या लेखाचा विषय आहे.

निजामाची रेल्वे

हैदराबाद संस्थानात पहिली गाडी १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद धावली. पुढे हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मनमाडपर्यंतचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला. जालना, सेलू, परभणी, नांदेड या गावांच्या कापूस बाजाराला त्यामुळे मुंबईची वाट मोकळी झाली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावे मात्र बैलगाडीवरच राहिली. त्यांच्या वाट्याला रेल्वे आली ती १९३० च्या आसपास. तेव्हा विकाराबादहून बीदर, उदगीरमार्गे परळी वैजनाथपर्यंत ब्रॉडगेज टाकण्यात आले आणि परभणीकडून परळीला मीटरगेज येऊन मिळाले. याच विकाराबाद-परळी मार्गावर पानगाव आणि परळी यांच्यामध्ये घाटनांदूरचे ठेशन आहे. संस्थान सरकारने रेल्वेचा कारभार कंपनीकडून आपल्या हाती घेतला तोही १९३० सालीच.

आता नकाशाकडे पाहावे. दक्षिणेला लातूर, तिथे बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी लाइन. उत्तरेला परळी, तिथून पुढे मीटरगेज. मधल्या पट्ट्यात ब्रॉडगेज. थोडक्यात, घाटनांदूरच्या दोन्ही अंगांना रुळाची रुंदी वेगळी होती. परळीपलीकडे जाणारे पोते परळीत एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. हमाली वाढे, वेळ जाई, माल सांडे. रूळ आले म्हणजे बाजार आला असे होत नाही, याचे हे पहिले कारण. शेतकऱ्याच्या खळ्यापासून गिरणीच्या दारापर्यंतचा सगळा खर्च जेवढा उतरतो, तेवढाच जमिनीचा भाव चढतो. मधे एक जरी तोड राहिली तरी फायद्याचा मोठा वाटा तिथेच गळतो. ही तोड १९९० च्या दशकात, परभणी-परळी मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर मिटली. पण तोवर माल ट्रकवर गेला होता.

लातूरला काय घडले

तुलनेसाठी लातूर पाहू. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. लाइन छोटी, गाडी हळू, पण लातूर हे तिचे शेवटचे ठेशन होते. आजूबाजूच्या मुलखातला माल तिथेच येऊन थांबे. अडत, गोदाम, सावकारी, सरकी, तेल हा सगळा पसारा थांबलेल्या मालाभोवती उभा राहतो. १९१७ साली उभी राहिलेली गंजगोलाई ही त्या भरभराटीची खूण. तिचा आराखडा फय्याजुद्दीन या नगररचनाकाराने केला. मधोमध गोल इमारत आणि तिच्यापासून चहूकडे फुटणारे सोळा रस्ते. लातूरच्या जमिनीचा भाव या रस्त्यांच्या काठाने वाढत गेला. बाजाराची जागा आधी आखलेली होती, म्हणून रेल्वेने आणलेली किंमत शहरात मुरली.

घाटनांदूर हे वाटेवरचे ठेशन. माल आणि माणूस तिथे चढे आणि पुढे जाई. तालुक्याचे गाव मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, वीसेक किलोमीटरवर. छावणीचे, कचेरीचे, पुढे १९७० च्या दशकात वैद्यकीय महाविद्यालयाचे गाव, पण रुळाविना. अंबाजोगाईकरांना गाडी धरायला घाटनांदूर किंवा परळी गाठावे लागे. अशा ठिकाणी ठेशनच्या तोंडाशी हॉटेल, पानटपरी, भुसार दुकान येते आणि रस्त्याला लागून असलेल्या काही गुंठ्यांचा भाव चढतो. मात्र शिवाराच्या दुसऱ्या टोकाची कोरडवाहू जमीन पूर्वीच्याच भावात राहते. रेल्वेमुळे 'गावाच्या' जमिनीला भाव येतो असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः भाव येतो तो ठेशन रोडला.

वाढ कोणाची?

रेल्वेने जमिनीची किंमत वाढते हे आता आकड्यांनीही सिद्ध आहे. अर्थशास्त्रज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांनी १८७० ते १९३० या काळातील हिंदुस्थानच्या नोंदी तपासल्या. रेल्वे पोचलेल्या जिल्ह्यात शेतीचे खरे उत्पन्न सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पण हे उत्पन्न कसणाऱ्याच्या घरी गेले, की सारा, खंड आणि व्याज यांतून दुसरीकडे गेले, हा प्रश्न उरतोच. शेजारच्या मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकातील फेरआकारणीच्या वेळी रेल्वे जवळ आली हे सारावाढीचे एक कारण धरले जाई. म्हणजे रेल्वेचा फायदा रयतेच्या हाती येण्याआधी सरकारने त्यावर आपला हिस्सा लावला होता.

अमेरिकेत याच्या उलट हिशेब उघडपणे मांडला गेला. १८५० साली इलिनॉय सेंट्रल रेल्वेला सरकारने मार्गालगतची एकाआड एक जमीन दिली आणि मधली स्वतःकडे ठेवली. ठेवलेल्या जमिनीचा भाव एकरी सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर केला. रुळामुळे भाव दुप्पट होणार हे सरकारने आधीच गृहीत धरले होते.

आपल्याकडच्या भूसंपादन कायद्याने मात्र नेमकी हीच वाढ हिशेबाबाहेर ठेवली. १८९४ च्या कायद्याचे कलम २४ स्पष्ट सांगत होते की ज्या कामासाठी जमीन घेतली जात आहे, त्या कामामुळे तिची किंमत वाढणार असेल तर ती वाढ मावेजा ठरवताना धरू नये. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा भूसंपादन कायदा १३०९ फसलीचा. पुढे मराठवाड्याला १८९४ चाच कायदा लागू झाला. याचा अर्थ साध्या भाषेत असा : ज्याचे रान रुळाखाली गेले त्याला रेल्वे येण्याआधीचा भाव, आणि ज्याचे रान रुळाशेजारी उरले त्याला रेल्वे आल्यानंतरचा भाव. दोघे सख्खे भाऊ असले तरी एका आखणीने एक गरीब होतो आणि दुसरा प्लॉट पाडतो.

२०१३ च्या नव्या कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, ही खोच थोडी भरून काढली. दिलासा रक्कम बाजारभावाच्या ३० टक्क्यांऐवजी शंभर टक्के झाली आणि ग्रामीण भागासाठी एक ते दोनपट गुणक आला. पण मूळ बाजारभाव धरला जातो तो रेडीरेकनरवरून किंवा मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून, यांत जो जास्त असेल तो. आपल्याकडे मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात रक्कम कमी लिहिण्याची सवय जुनी आहे. आज चार पैसे वाचवणारा खरेदीदार उद्या आपल्यासकट सगळ्या शिवाराचा मावेजा खाली आणतो.

नवी लाइन, जुनी वाट

अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. नगर ते आष्टी गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि बीड शहरात पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीपासून तीस वर्षे. या तीस वर्षांत नुसत्या आखणीच्या बातमीवर किती इसारपावत्या झाल्या असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. बातमी आधी कळते ती कचेरीजवळच्यांना. शेतकऱ्याला कळते ती खांब रोवल्यावर. दरम्यान जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली असते.

हा मार्गही वडवणी, सिरसाळ्याकडून परळीला जाणार असल्यामुळे अंबाजोगाई पुन्हा बाजूलाच राहिली. घाटनांदूरहून अंबाजोगाई, केजमार्गे पश्चिमेकडे लाइन काढावी ही मागणी म्हणूनच जुनी आहे. विकाराबाद-परळी मार्गाचे विद्युतीकरण झाले. पण तार आल्याने गुंठ्याचा भाव वाढत नाही. गाडी थांबली तर वाढतो. रुळावरून गाडी जाणे आणि गावात गाडी थांबणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. थांबा, मालधक्का आणि ठेशनपर्यंतचा पक्का रस्ता या तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत.

आपल्या सातबाऱ्याचे काय?

या सगळ्यात आपल्या समाजाचा प्रश्न वेगळा म्हणून मांडावा लागतो, कारण मराठवाड्यात मुस्लिमांची जमीन अनेकदा कागदात अडकलेली आहे. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतरच्या उलथापालथीत मारहाण आणि लुटालुटीबरोबर घरे-जमिनीही बळकावल्या गेल्या, हे सुंदरलाल समितीच्या अहवालात नमूद आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांखालोखाल बीडचे नाव त्यात येते. ज्या कुटुंबांचे रान तेव्हा सुटले, त्यांना पुढच्या भाववाढीत वाटा कुठून मिळणार?

त्यानंतर इनाम गेले. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने मददमाशसारखी व्यक्तिगत इनामे संपली. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामे मात्र त्यातून वगळलेली होती. मशीद, दर्गा, आशुरखाना यांच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन ही सेवेकऱ्याची मालमत्ता नव्हे. ती वक्फ आहे आणि विकता येत नाही. कोरडवाहू होती तोवर तिच्याकडे कोणी पाहिले नाही. रस्ता आला, ठेशन आले, की मुतवल्लीचे वारस आणि प्लॉटिंगवाले दोघेही जुने मुंतखब शोधू लागतात. १९९५ च्या वक्फ कायद्याच्या कलम ९१ ने जिल्हाधिकाऱ्याला बंधन घातले की संपादनाखालील जमीन वक्फ असल्याचे दिसल्यास निवाड्याआधी मंडळाला कळवावे. पण सातबाऱ्यावर वक्फची नोंदच नसेल तर त्याला दिसणार काय? मावेजा ज्याचे नाव कागदावर आहे त्याच्या खात्यात जातो आणि मशिदीच्या दिवाबत्तीची जमीन कायमची संपते. जमिनीच्या बदल्यात आलेली रक्कमही वक्फच असते, हे आपण विसरतो.

शेवटचा मुद्दा आपल्या घरातला आहे. शरियतने लेकीला भावाच्या निम्मा हिस्सा नेमून दिला आहे. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेतून वगळली, आणि प्रत्यक्षात गावोगाव बहिणींची नावे फेरफाराला लागलीच नाहीत. जमीन पिकत होती तोवर बहीण माहेरी येऊन ज्वारीचे पोते घेऊन जाई आणि गप्प राही. मावेजाची नोटीस आली की भाऊ तिच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतो. निजामाच्या सरकारने सारा वाढवून, इंग्रजाच्या कायद्याने कलम लावून शेतकऱ्याचा वाटा कापला, अशी तक्रार आपण करतो. मग आपल्याच बहिणीचा वाटा आपण कोणत्या कलमाखाली कापतो?

रेल्वे येणारच आहे आणि ती यावी. घाटनांदूरच्या ठेशनाने नव्वद वर्षांत शिकवले ते इतकेच की रूळ किंमत निर्माण करतो, पण वाटप करीत नाही. वाटप ठरते ते कागदावर. खांब रोवले जाण्याआधी आपापल्या गावातल्या जाणत्यांनी खासरा पाहणी, मुंतखब आणि फेरफाराच्या नकला काढून ठेवाव्यात, वक्फची नोंद सातबाऱ्यावर चढवावी, बहिणींची नावे वारसात लावावीत आणि खरेदीखतात खरी रक्कम लिहावी. यातले एकही काम रेल्वे खात्याच्या हातात नाही.