करमाड परिसरासाठी बाजारभाव व हवामान मोबाईलवर अचूक कसे शोधावे?

नुसते 'मोसंबी भाव' टाकल्यास दूरच्या बाजाराचा किंवा जुना भाव समोर येतो. त्यावर विसंबून माल भरला तर भाडे अंगावर पडते. म्हणून शोधताना पुढील काळजी घ्यावी.

- क्रम : पीक, हवी ती माहिती, गाव, जिल्हा. उदा. 'मोसंबी भाव करमाड छत्रपती संभाजीनगर'.
- सारखी नावे : जिल्हा न लिहिल्यास करमाडऐवजी सोलापूर जिल्ह्यातील करमाळा येऊ शकते.
- जुने नाव : जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये बदलले. त्याआधीच्या नोंदींसाठी 'औरंगाबाद महाराष्ट्र' असे टाकावे. बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे.
- गावाची माहिती नसल्यास : हवामानासाठी महसूल मंडळ, नंतर तालुका टाकावा. भावासाठी जालना बाजारही पाहावा.
- लोकेशन : मोबाईलचे लोकेशन सुरू ठेवावे. बंद असल्यास भलत्याच शहराचा अंदाज दिसू शकतो.

भाव मिळाल्यावर बाजार समितीचे नाव, तारीख, मालाची प्रत आणि दर क्विंटलचा की टनाचा, हे तपासावे. गाडी भरण्यापूर्वी बाजार समितीत किंवा आडत्याकडे फोन करून खात्री करावी.