मोरजीचे सोने आणि रेती

मोरजी हे पेडणे तालुक्यातले गाव शापोरा नदीच्या मुखाशी, उत्तर काठावर वसले आहे. नदीपलीकडचा बारदेश 1543 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. पेडणे मात्र सावंतवाडीकरांकडून 1788 मध्ये, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांनी पोर्तुगिजांच्या हाती आले. तालुक्यातली पुष्कळ जमीन देशप्रभूंसारख्या मोठ्या घराण्यांकडे आणि भाटकारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, होती. शेत कसणारा कूळ होता, आणि भाटकाराच्या भाटात घर बांधून राहणारा मुंडकार. पायाखालची जमीन दुसऱ्याची असलेल्या अशा कुटुंबाकडे स्वतःचे म्हणावे असे एकच धन होते, ते म्हणजे घरातल्या बाईच्या अंगावरचे सोने.

या सोन्याचा व्यवहार एका ठाम भेदावर चाले. अडल्या वेळी दागिना गहाण पडे, पण विकला जात नसे. हिशेब मांडला तर हे बऱ्याचदा तोट्याचे होते. पाटल्या विकून कर्ज टाळता आले असते. त्या गहाण टाकल्यावर वर्षानुवर्षे व्याज भरावे लागे. तरीही गहाणात दागिन्याचे नाव घराशी जोडलेले राही, तो ‘सोडवून आणायचा’ असे. विकल्यावर तो सोनाराच्या मुशीत वितळे आणि आईची पाटली हा त्याचा अर्थच संपे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिले की माणसाला मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच नुकसानीचे दुःख जास्त बोचते. रिचर्ड थेलर यांनी 1980 मध्ये त्याला पुढची जोड दिली: जी वस्तू आपली झाली, तिचे मोल आपल्याला बाजारभावापेक्षा अधिक वाटते. गहाणाची चाल या दोन्ही भावनांना धरून होती. विक्रीचे कायमचे नुकसान ती व्याजाच्या लहान लहान हप्त्यांत वाटून देई.

नवसाच्या पैशाचेही तसेच. ग्रामदेवता मोरजाईच्या किंवा कुलदेवतेच्या नावाने बाजूला काढलेला रुपया घरात तांदूळ नसतानाही मोडला जात नसे. त्याऐवजी उसने आणले जाई. पैसा सारखाच असला तरी मनात त्याच्या वेगवेगळ्या थैल्या असतात, हे थेलर यांनी 1985 मध्ये सिद्धांत म्हणून मांडले. देवघरातल्या पुरचुंडीला तो फार पूर्वीपासून ठाऊक होता.

गोव्यात गहाणाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुःखद अध्याय बँकेच्या तिजोरीत घडला. बांको नासियोनाल उल्ट्रामारिनो या लिस्बनच्या बँकेची शाखा गोव्यात 1868 पासून होती आणि ती सोन्यावर कर्ज देई. सावकारापेक्षा सरकारी शिक्क्याच्या बँकेत दागिना सुरक्षित, हा विश्वास स्वाभाविक होता. 1955 मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली. मुंबईत कामाला असलेल्या माणसांकडून घरी येणाऱ्या पैशावर गोव्यातली असंख्य घरे चालत. तो ओघ आटला आणि अडचण वाढली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, पण त्याआधीच बँकेने गहाणाचे दागिने लिस्बनला हलवले होते. लोकांच्या हाती उरल्या त्या पावत्या.

भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध 1974 अखेरच्या करारानंतर पूर्ववत झाले. दागिने परत आले ते त्याहून कितीतरी उशिरा, 1991 मध्ये, आणि त्यांचे काम स्टेट बँकेकडे सोपवले गेले. या 30 वर्षांत 10 ग्रॅम सोन्याचा भाव सुमारे 120 रुपयांवरून साडेतीन हजारांच्या आसपास पोहोचला होता. निव्वळ आकड्यांत ही उत्तम गुंतवणूक ठरते. पण ज्या बाईने लग्नातले गोठ ठेवून मुलाच्या आजारपणाला पैसे आणले, तिने भाववाढीसाठी ते ठेवले नव्हते, आणि या वाढीने तिच्या सुने-मुलींची ओकी मनगटे भरून निघाली नाहीत. पैशाच्या इतिहासात अशा नुकसानीचा रकाना नसतो, म्हणून ते इथे नोंदवायला हवे.

मुक्तीनंतर जमिनीचे नाते बदलले. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा आणि कुळाला मालकी देणारी 1976 ची दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्यांना जमिनीवर आणि मुंडकारांना राहत्या घरावर हक्क मिळाला. भाताच्या शेताविषयीची ओढ आधीपासूनच होती. शेत राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, वर्षाकाठी रोटाचा नैवेद्य देण्याची रीत ही त्या ओढीचीच खूण. किनाऱ्याच्या रेतीला असे काही चिकटलेले नव्हते. तिथे भात पिकत नाही. तिथे माड, सुरूची झाडे, रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढण्याची जागा आणि गावातल्या टेंबवाड्याकडे अंडी घालायला येणारी कासवे. नदीपलीकडच्या शिवोलीला जायला फक्त फेरीबोट होती तोवर ही रेती बाजारापासून दूर राहिली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवोली-चोपडे पूल झाला, पुढे रशियन पर्यटकांची रीघ लागली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीला कुणी फारसे मोल दिले नव्हते तिला गावात सर्वाधिक भाव आला. शेताला जो जिव्हाळ्याचा पहारा होता तो रेतीला नव्हता. जिचे पूर्वी फारसे काही येत नसे ती विकून आलेले पैसे घबाडासारखे वाटतात, आणि घबाड मनाच्या वेगळ्याच थैलीत पडते: घामाच्या पैशापेक्षा ते सैल हाताने खर्च होते.

जमीन विकण्याच्या घाईला गोव्यात एक जुना अडसर आहे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून इथे लागू झाली. तिच्यानुसार सर्वसाधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि स्थावर विकताना दोघांचीही संमती लागते. वारसांचे हिस्से ठरवायला इन्व्हेंटरीची कारवाई होते आणि तिला बराच काळ लागतो. या वेळात पहिला मोह ओसरू शकतो, आणि ज्यांचे दागिने पूर्वी गहाण पडत त्या बायकांची सही आता जमिनीच्या विक्रीखतावरही लागते.