टीपीआर: तीन अक्षरांचं घराणं

नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण कुठलंही असो, रीतसर जीडीएचा (जनरल ड्यूटी असिस्टंटचा) कोर्स असो की घरी पेशंट सांभाळायला माणसं पाठवणाऱ्या ब्यूरोने करून दिलेली तोंडओळख असो, वहीत सुरुवातीलाच तीन अक्षरं पडतात: टीपीआर. टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. ताप बघायचा, नाडी मोजायची, श्वास मोजायचे, चार्टवर भरायचे आणि वावगं दिसलं तर सिस्टरना सांगायचं. अगदी पहिल्या इयत्तेचं काम. ते कधीकाळी विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं संशोधन होतं, हे सांगितलं तर शिकणाऱ्या मुलींना खरं वाटणार नाही. ते प्राध्यापकाकडून डॉक्टरकडे, डॉक्टरकडून नर्सकडे आणि नर्सकडून असिस्टंटकडे आलं. एवढ्या पायऱ्या उतरायला त्याला अडीचशेहून अधिक वर्षं लागली.

तिघांत वयाने थोरली नाडी. पण जुना वैद्य नाडी बघायचा, मोजायचा नाही. आपल्याकडे चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षेचं प्रकरण नाही. ती सविस्तर येते शार्ङ्गधरसंहितेत, आणि तिथे वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी चालते. गंमत म्हणजे तिकडे रोमन साम्राज्यात गॅलेनही हेच करत होता. त्याच्या नाड्या मुंगीसारख्या सरपटत, हरणासारख्या उड्या मारत. बोटांना जाणवणारी चाल ओळखायला आयुष्य जाई, आणि एकाला जाणवलेलं दुसऱ्याला दाखवता येत नसे.

पाडुआचा सांतोरियो हा सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा माणूस. स्वतःचं वजन करत तराजूवरच्या खुर्चीत बसून जेवणारा, म्हणून तो इतिहासात जास्त ओळखला जातो. त्याने दोरीला वजन बांधून लंबक केला आणि लंबकाचा झोका नाडीशी जुळेपर्यंत दोरी लांब-आखूड करायची युक्ती काढली. नाडी किती? तर दोरी इतकी लांब. मिनिटाला ठोके मोजण्याची सोयच नव्हती, कारण मिनिट दाखवणारं भरवशाचं घड्याळ कुणाकडे नव्हतं. ते इंग्लंडात लिचफिल्डच्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरने करवून घेतलं. नेमकं एक मिनिट चालणारं घड्याळ, त्याला सेकंदकाटा. त्याचं पुस्तक १७०७ सालचं. त्यानंतर पुढची शंभर-सव्वाशे वर्षं बहुतेक डॉक्टरांनी या घड्याळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोटांची विद्या असताना काटा कशाला बघायचा, असाच तो तोरा असावा. आज नाडी मिनिटाच्या मापाने मोजायची आणि ती अनियमित लागली तर अर्ध्या मिनिटाची दुप्पट न करता पूर्ण मिनिट मोजायची, हा नियम त्या घड्याळाच्याच वंशातला. दुसरा नियम मात्र शरीराचा आहे. अंगठा लावायचा नाही, कारण अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते आणि पेशंटऐवजी आपलेच ठोके मोजले जातात.

तापाची कथा जास्त रंगतदार. सांतोरियोनेच नळीवर आकडे घालून माणसाच्या अंगाची ऊब मोजून पाहिली होती. फॅरनहाइटचा पारा आला, सेल्सियसची मोजपट्टी आली, लिव्हरपूलच्या जेम्स करीने १७९७ साली तापकऱ्यांवर थंड पाण्याचे प्रयोग करताना थर्मामीटर वापरला. तरी वॉर्डात ते उपकरण रुळेना. त्याची अडचण फार साधी होती. ते जवळजवळ फूटभर लांब, काखेत पंधरा-वीस मिनिटं धरायचं, आणि बाहेर काढलं की पारा उतरणार, म्हणून आकडा तिथेच वाकून वाचायचा. दिवसाला चाळीस खाटा बघणाऱ्या डॉक्टरने हे कसं करावं?

लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिशने मात्र केलं, आणि अफाट प्रमाणावर केलं. सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला त्याचा ग्रंथ १८६८ साली निघाला. त्या नोंदी लाखांत मोजाव्या लागतात. एका माणसाच्या हातून हे होणं शक्य नाही, हाताखालच्या मदतनिसांनी दिवसातून अनेकदा काखेत नळ्या धरल्या असणारच. त्यांची नावं ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कशी असतील! वुंडरलिशचं खरं योगदान आकड्यांपेक्षा आलेखात आहे. ताप हा रोग नसून रोगाची खूण आहे, आणि टायफॉइडची चढण वेगळी, मलेरियाची वेगळी, हे त्याने तापाच्या रेषेवरून दाखवलं. खाटेच्या पायथ्याशी लटकणारा चार्ट याच घराण्यातला.

निरोगी माणसाचे ३७ अंशही त्याचेच. सेल्सियसमध्ये तो गोल, सुटसुटीत आकडा आहे. फॅरनहाइटमध्ये उलगडला की ९८.६ होतो आणि त्या दशांशामुळे उगाच नेमका वाटायला लागतो. ब्रिटिश थर्मामीटरवर बाण ९८.४ वर असे, म्हणून आपल्याकडे जुन्या डॉक्टरांच्या तोंडी तोच आकडा बसला. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी माणसांचा ताप पुन्हा मोजला तेव्हा सरासरी ९८.२ आली. म्हणजे इतकी वर्षं आई पोराच्या कपाळाला हात लावून म्हणत होती, ‘कणकण आहे, शाळेत नको जाऊस,’ ते ९८.६ च्या शिस्तीपेक्षा फार वाईट नव्हतं.

वॉर्डात थर्मामीटर रुळवला तो लीड्सच्या टॉमस क्लिफर्ड ऑलबटने. १८६६-६७ च्या सुमारास त्याने सहा इंचांचा, पाच मिनिटांत आकडा देणारा थर्मामीटर करवून घेतला. तो खिशात मावायचा. पुढे पाऱ्याच्या नळीत तळाशी चिमटा काढल्यासारखी जागा अरुंद केली जाऊ लागली. पारा चढतो पण आपोआप उतरत नाही, म्हणूनच मनगटाला झटका देऊन तो उतरवण्याची ती ओळखीची क्रिया. आता नळी बाहेर काढून, खिडकीपाशी जाऊन, निवांत वाचता येऊ लागली, आणि मग ती डॉक्टरनेच धरायला हवी असं काही उरलं नाही. न्यूयॉर्कच्या एडवर्ड सेग्विनने तर १८७०च्या दशकात थर्मामीटर थेट घरोघरच्या मातांच्या हातात देण्याचा आग्रह धरला. नाइटिंगेलबाईंनी परिचर्येवरच्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिलंच होतं. त्या निरीक्षणाला आता आकडा मिळाला आणि तो भरण्याचं काम नर्सकडे गेलं. मग नर्सकडे इंजेक्शनं, सलाइन, औषधांचा हिशेब येत गेला तसा टीपीआर आणखी एक पायरी उतरला. अमेरिकेत १९८७च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या असिस्टंटला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, त्यात या नोंदी आहेतच.

मधल्या काळात कुटुंब वाढलं. तुरिनच्या रिवा-रोचीने १८९६ साली दंडाला बांधायचा पट्टा केला, रशियाच्या कोरोत्कोव्हने १९०५ साली त्याखाली स्टेथोस्कोप लावून ऐकलं, आणि बीपी चौथं झालं. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वेदनेलाही पाचवं स्थान द्यायची मोहीम निघाली. ती अंगाशी आली. अफूवर्गातल्या गोळ्यांचा सुळसुळाट झाल्यावर तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनेच २०१६ साली हात आखडता घेतला. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जपानच्या ताकुओ आओयागींच्या १९७४च्या कल्पनेतून आला आणि २०२०च्या सप्टेंबरात, कोविडच्या साथीत, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताईंच्या हातून महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला.

राहिला श्वास. याला कुणी सोपं यंत्र दिलं नाही. वॉर्डात अजूनही छाती वर-खाली होताना डोळ्यांनी बघून मोजायचा आहे. शिवाय पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो, म्हणून शिकवणाऱ्या सिस्टर एक लबाडी शिकवतात: नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, बोटं तशीच ठेवायची आणि नजर हळूच छातीकडे वळवायची. चार्टमधल्या सगळ्या रकान्यांत सर्वांत जास्त थापा याच रकान्यात असतात. वॉर्ड कुठल्याही देशातला असो, ओळीने १८, २०, १८, २० लिहिलेलं दिसलं की समजावं, कुणी मोजलेलं नाही.

आणि माणूस खालावताना बहुधा हाच आकडा आधी हलतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली ढासळणारा रुग्ण वेळेत ओळखण्यासाठी सगळ्या नोंदींना गुण देणारा तक्ता तयार झाला. त्यात ताप वरच्या ओळीत नाही. वरच्या ओळीत श्वास आहे: मिनिटाला १२ ते २० असेल तर शून्य गुण, २५ किंवा त्याहून जास्त असेल तर तीन. एकाच रकान्यात तीन गुण पडले की डॉक्टरला बोलवायचं.