उघड्या दाराचा वाद



आपल्या कोऱ्हाळ्यातून निघून मोरगाव, सुपे, चौफुला या वाटेने गेले म्हणजे केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशनचे नाव आपल्या भागात ऐकले नाही असा जुना माणूस विरळा. पण हे मिशन उभे राहण्यापूर्वी पुण्यात एका दारावरून मोठा वाद झाला, त्याची हकीकत आता फारशी कोणी सांगत नाही. आपली श्रद्धा दुसऱ्यास सांगावी की नाही, आणि सांगावी तर कोणत्या मर्यादेपर्यंत, या प्रश्नावर आज मोठ्या आवाजात बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांनी त्या दारापाशी थोडा वेळ थांबावे, एवढ्यासाठी हा विषय मी निवडला.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. सारे कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरे, पुराण सांगे, आणि ऐकणारे जे देतील त्यावर जगे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि थोरली बहीण अशी तिन्ही माणसे गेली. म्हणजे धर्म सांगून पोट भरणे म्हणजे काय, आणि ते न भरणे म्हणजे काय, हे या बाईंना लहानपणापासून ठाऊक होते. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तेथल्या गुरुजनांनी सांगितलेला प्रत्येक सिद्धान्त मात्र त्यांनी मुकाट्याने घेतला नाही. मला पटेल तेवढेच मानीन, असा त्यांचा बाणा होता.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पैसा अमेरिकेतला. बोस्टन येथे १८८७ साली स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे साह्य देण्याचे कबूल केले होते. त्यात अट अशी की, शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. बाईंनी वर्गात धर्म शिकविला नाही. मात्र त्या स्वतःच्या खोलीत आपल्या मुलीसह प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. काही मुली आत येऊन बसू लागल्या. झाले! केसरीने टीकेची झोड उठविली, १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घ्यावे, असे बाईंना सांगण्यात आले होते. त्यांनी लावले नाही.

आता यात न्याय कोणाच्या बाजूला? मी आयुष्य कामगारांच्या संघटनेत घालविले, तेव्हा करारनामा वाचण्याची मला सवय आहे. कराराचे अक्षर बाईंनी पाळले, यात शंका नाही. परंतु जिच्या हातात अन्न आहे, छप्पर आहे, तिच्या खोलीचे उघडे दार आणि रस्त्यावरच्या प्रवचनकाराची पेटी-मृदंग यांत फरक आहे. गेटसभेत माझे बोलणे आवडले नाही तर कामगार सायकलवर टांग मारून घरी जातो. सदनातल्या मुलीला जावयास घर कुठे होते? युनियनचे कार्ड घेतल्याशिवाय काम मिळणार नाही असे म्हणून घेतलेली सही ही सहीच असते, तिला निष्ठा कोणी म्हणत नाही. टीकाकारांच्या म्हणण्यातला हा भाग खरा आहे आणि तो बाईंच्या चाहत्यांनी टाळू नये.

पण टीकाकारांना तरी त्या मुलीच्या मर्जीची चाड होती काय? तिचे लग्न लावताना तिला विचारले नव्हते. तिचे केशवपन करतानाही विचारले नव्हते. ती एका खोलीत जाऊन बसली, हेच बहुधा तिने आपल्या मनाने केलेले पहिले काम. आणि नेमके तेवढ्यावरच सारे शहर खवळून उठले. शिवाय त्या दारातून आत जाणे जसे शक्य होते तसे न जाणेही शक्य होते, याला पुरावा आहे. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने १८९३ सालीच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती हिंदूच राहिली. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. एका उघड्या दारावरून झालेल्या भांडणातून दुसरे दार उघडले, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

पुढे दुष्काळ आला. दुष्काळ म्हणजे काय ते आपल्या नीरेकाठाला सांगावयास नको. नीरेचा डावा कालवाच मुळी १८७६ च्या दुष्काळातले काम म्हणून सुरू झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावची जमीन त्यांनी आधीच घेतलेली होती. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. १८९८ साली दहा वर्षांचा करार संपला होता. तेव्हा मुक्ती उघडउघड ख्रिस्ती संस्था झाली. करार मोडण्यापेक्षा तो संपू देऊन मग पाटी बदलणे मला अधिक सरळ वाटते. तेथे शेती होती, माग होते, घाणा होता, छापखाना होता. आंधळ्या बायकांना बोटांनी वाचावयास शिकवीत.

याच सुमारास ‘भाकरीचे ख्रिस्ती’ हा शब्द चलनात होता. नगरकडच्या महार-मांग वस्त्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांनाही तोच लावीत. मला हा शब्द कधी आवडला नाही. भुकेल्याने भाकरी घेतली हा त्याचा दोष नव्हे; आणि भाकरी घेणाऱ्याला मन नसते, हे तर भरल्या पोटाचे अनुमान झाले. दोष शोधावयाचाच तर वाढणाऱ्याच्या हेतूत शोधावा. त्यातही ज्यांनी वाढलेच नाही त्यांनी तो शोधू नये.

बाईंचे शेवटचे मोठे काम बायबलाच्या भाषांतराचे. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी ते एकट्याने केले. केडगावच्या बायकांनीच त्याचे खिळे जुळविले. १९२२ साली बाई वारल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा हवी, आणि जुन्या देवधर्माचा वास येणारे शब्द नकोत, असा त्यांचा कटाक्ष. येथे मात्र माझे मन त्यांच्याबरोबर जात नाही. पुराणिकाच्या मुलीने पुराणाचा सूरच टाकून दिला! मोरोपंतांच्या बारामतीच्या आसपास वाढलेल्या आपल्यासारख्यांना एखादी गोष्ट सांगावयाची तर ती आर्येतून, ओवीतून, अभंगातून सांगितलेली बरी.

हे नारायण वामन टिळकांनी ओळखले. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी कीर्तने केली, शेकडो भजने लिहिली. पण त्यांची खरी परीक्षा घरात झाली. लक्ष्मीबाई सोवळ्यातल्या. नवरा बाटला म्हणून त्या काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या. पुन्हा नगरास आल्या तेव्हाही त्यांचे सोवळेओवळे चालूच होते. टिळकांनी ते चालू दिले. हा तापट मनुष्य, घरात भांडणे काही कमी नव्हती. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर हुकूम सोडला नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातून जातिभेद आधी गेला, ख्रिस्त मागून आला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या हिशेबाने, आणि तो हिशेब ‘स्मृतिचित्रे’त पुढे हसतखेळत मांडला. याच घरात बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले.

आपल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. या एका शब्दावर १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत बरीच चर्चा झाली आणि शब्द राहिला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क नव्हे. सांगणे माझ्याकडे, ठरविणे ऐकणाऱ्याकडे. टिळकांच्या घरात ते आधीच तसे होते.

तरी पगाराची गोष्ट राहिलीच. मिशनचा उपदेशक पगारी. त्याचे बोलणे खरे असले तरी ऐकणारा आधी त्याच्या खिशाकडे बघतो. आम्हां संघटनेच्या पगारी माणसांनाही हा अनुभव नवा नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. ज्याने बाप्तिस्मा घेतला आहे तो आणि ज्याने घेतलेला नाही तो, दोघांनाही त्यात सारखीच जागा होती. मिशनमधल्या कित्येकांना ते रुचले नाही. दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना पुरले नाही, अग्नी दिला. रक्षा नगरास नेली. त्यांची भजने आजही मराठी देवळांत रविवारी टाळांवर म्हणतात.