खांद्याच्या मज्जातंतूंची इजा : निदानाचा इतिहास

खांदा आणि हात चालवणारे मज्जातंतू मानेच्या मणक्यांमधून निघतात. मानेची पाचवी ते आठवी आणि छातीचे पहिले अशा पाच मुळांचे हे जाळे हासळीच्या हाडामागून काखेत उतरते. त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. या जाळ्याला इजा झाली की हात लुळा पडतो. मात्र इजा जाळ्यात नेमकी कोठे आहे, हे ओळखण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली.

अवघड प्रसूतीनंतर बाळाचे हात लुळे पडल्याची नोंद विल्यम स्मेली यांच्या १७६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. १८७२ मध्ये फ्रान्सच्या द्युशेन यांनी अशा चार बाळांचे वर्णन केले. त्यानंतर दोनच वर्षांनी जर्मनीच्या विल्हेल्म एर्ब यांनी प्रौढांमध्येही तेच स्नायू एकत्र निकामी झालेले पाहिले. हासळीच्या वर एका ठिकाणी विजेचा सौम्य प्रवाह दिला, की नेमके तेच स्नायू एकदम आकुंचन पावत. इजा पाचव्या व सहाव्या मुळांच्या संगमाजवळ असते, हे त्यावरून ठरले. अशा रुग्णाचा हात अंगालगत लोंबतो, आत वळतो, कोपर सरळ राहते.

खालच्या मुळांचे कोडे १८८५ मध्ये ऑगस्टा क्लुम्प्के या तरुण विद्यार्थिनीने पॅरिसमध्ये सोडवले. तळहाताचे लहान स्नायू निकामी आणि त्याच बाजूची पापणी उतरलेली, बाहुली आकसलेली, हा मेळ छातीच्या पहिल्या मुळाच्या इजेमुळे पडतो, असे तिने दाखवले. हाताच्या दुखण्याचा पुरावा डोळ्यात सापडला, ही या इतिहासातील मोठी झेप होय.

पुढची भर युद्धांनी घातली. १९१५ मध्ये झ्यूल तिनेल यांनी जखमी सैनिकांच्या मज्जातंतूवर हलकी टिचकी मारून पाहिली. पुढे मुंग्या उमटल्या, तर तंतू पुन्हा वाढत असल्याचे ते लक्षण मानले गेले. १९४३ मध्ये हर्बर्ट सेडन यांनी इजेच्या तीन पायऱ्या ठरवल्या : संदेश तात्पुरता थांबणे, आवरण शाबूत राहून आतला तंतू तुटणे आणि संपूर्ण मज्जातंतू तुटणे. १९४८ मध्ये पार्सनेज आणि टर्नर यांनी १३६ रुग्णांच्या आधारे मार न लागताही तीव्र वेदनेनंतर खांद्याचे स्नायू झडणारा विकार मांडला.

आज एमआरआय आणि विद्युत तपासणी उपलब्ध आहे. तरीही भिंतीवर हात रेटताना खवाटा पाठीपासून उचलला जातो का, सांधा निखळल्यावर दंडाची बाहेरची त्वचा बधिर आहे का, हे डॉक्टर आधी पाहतात. कोणता स्नायू हलत नाही आणि कोठे स्पर्श कळत नाही, यावरून इजेची जागा शोधण्याची एर्ब आणि क्लुम्प्के यांची रीतच अजून पायाभूत आहे.