चंची आणि भोंगा

म्हातारपणीही सुटत नाही ती तंबाखू अडाणीपणाची, असे आपण फार सहज म्हणतो. पैसेवाला साठीनंतर सकाळी फिरायला जातो, दात तपासून घेतो. गरिबाच्या कमरेची चंची तेवढी सुटत नाही, म्हणजे दोष त्याच्या समजेचा. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास पाहिला की हे मत टिकत नाही. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. त्यानंतर कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसाच्या खाण्यापिण्याला भोंग्याचे वळण लागले. प्रौढ पुरुषाच्या कामावर बारा तासांची मर्यादा कायद्याने आली, तीसुद्धा १९११ साली. कापसाच्या तुसात विडी पेटवणे म्हणजे आगीशी खेळ, आणि साच्यावर दोन्ही हात गुंतलेले. गालात धरलेला बार मात्र या कामात चपखल बसे: हात मोकळे राहत, झोप उडे, भूक दबे. पहाटे चूल पेटवून वाइंडिंग खात्यात जाणाऱ्या बाईला तव्यावर भाजलेली मिश्री तोच आधार देई.

त्यांना धोका ठाऊक नव्हता, असा आक्षेप येईल. पण टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उभे राहिले ते परळला, गिरण्यांच्या ऐन वस्तीत. तिथल्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४४ मध्येच मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगावर शोधनिबंध लिहिला. ज्ञान हाकेच्या अंतरावर होते; ते अंगी बाणवायला लागणारी उसंत आणि पैसा नव्हता. १९९० च्या दशकात पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख मुंबईकरांची पाहणी झाली. निम्म्याहून अधिक स्त्रिया तंबाखू वापरताना आढळल्या, आणि शिक्षण जितके कमी तितका वापर अधिक. सधनांच्या काही इमारतींत पहारेकऱ्यांमुळे पाहणी करणाऱ्यांना जाताच आले नाही; म्हणजे खरी दरी आकड्यांहून रुंदच असणार. त्या वेळचे पस्तिशीतले लोक आज साठी ओलांडून गेले आहेत.

गिरण्या बंद पडल्या, मग सवय का उरली, हा प्रश्न अधिक वजनदार आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. ज्यांची नोकरी गेली, त्यांचे कामगार विम्याचे औषधपाणीही गेले. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनला किमान एक हजार रुपयांची हमी मिळायला २०१४ उजाडले. गरीब म्हातारा श्रीमंतापेक्षा जास्त चालतो, असेही कोणी म्हणेल. खरे आहे, पण बसभाडे वाचवण्यासाठी झिजवलेल्या गुडघ्यांना व्यायाम म्हणणे मला क्रूर वाटते. संपानंतर अनेकांनी पहारेकऱ्याची नोकरी धरली. पुन्हा रात्रपाळी आली, पुन्हा झोप मारणे आले, आणि फाटकाशी बसून तळहातावर चुना मळणेही.