शीड कोणी शिवलं?

शिडाला उर्दूत बादबान म्हणतात. 'बाद' म्हणजे वारा, 'बान' म्हणजे राखणारा. हा शब्द शिकवताना मी मुलांना मराठीतले दर्याचे शब्द विचारतो. बंदर, लंगर, तुफान, खलाशी अशी यादी फळ्यावर होते. हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. कोकणातला नाखवासुद्धा मूळचा नाखुदा.

आपण जळगाव-धुळ्याची माणसं, समुद्र लांब. तापी सुरतेला जाते खरी, पण खानदेशात ती खडकाळ. समुद्रावरची गलबतं इथवर येत नसत. तरीही शिडाशी आपलं नातं आहे, कारण जुनं शीड म्हणजे कापूसच.

लहान होडीचं शीड हातानेच शिवत. एवढ्या पन्ह्याचं कापड मागावर निघत नाही, म्हणून जाड्याभरड्या कापडाचे पट्टे कडेवर कड चढवून जोडायचे आणि प्रत्येक जोडाला दोन शिवणी घालायच्या. तिरप्या अंगाने ओढलं की कापड सैलावतं, हे कोणताही शिंपी सांगेल. म्हणून शिडाची मोकळी बाजू कापडाच्या किनारीशी समांतर ठेवायची. शेवटी कडांना दोर टाचायचा, म्हणजे वाऱ्याचा ताण तो झेलतो आणि कापड फाटत नाही. ओलं शीड गुंडाळून ठेवलं तर कुजतं, त्यामुळे डागडुजी कायमचीच.

मुंबईच्या डोंगरीवरून ज्या भरड सुती कापडाला नाव मिळालं, त्याचीही शिडं होत. आज पोरांच्या अंगावर दिसणारी 'डंगरी' त्याच नावाची. इकडे धरणगावात इंग्रजांनी १६७४ मध्ये वखार घातली. बुऱ्हाणपूरचं कापड खानदेशातूनच सुरतेच्या बंदराला जाई.

शिवाजी महाराजांच्या आरमारातले दौलतखान आणि दर्यासारंग आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवेत. पण आपला वाटा मोजताना आपण फक्त सरदार मोजतो. कापूस पिंजणारे पिंजारी, कापड विणणारे साळी, कोष्टी, मोमीन आणि ते शिवणारे हात यांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत. एका शिडात या सगळ्यांचं काम असे, आणि वाऱ्याने कोणाची जात विचारली नाही.

"सर, आमच्या घरात इतिहासातलं कोणी नाही," असं पिंजाऱ्याच्या घरचं पोर म्हणतं, तेव्हा मी त्याला दौलतखान सांगत नाही. एवढंच विचारतो, "शिडाचं सूत ज्या कापसातून निघालं, तो पिंजला कोणी?"